वऱ्हाडचा कापूस आणि निवडीची तीन प्रतिमाने

राज्यसंस्था, शास्त्रीय संशोधन आणि कुटुंब ही तीनही क्षेत्रे एकेकाळी अर्थशास्त्राच्या सीमेपलीकडची समजली जात. बाजारात किंमत कशी ठरते हे सांगणे एवढेच अर्थशास्त्रज्ञाचे काम. कायदा का होतो, कोणत्या प्रश्नावर संशोधन होते आणि मुलीची सोयरीक कोठे जमते, हे इतर शास्त्रांनी पाहावे, अशी श्रमविभागणी रूढ होती. १९५० नंतरच्या दोन दशकांत ती मोडली. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदार व राजकीय पक्ष यांच्या वर्तनास, रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये व केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये संशोधनावरील खर्चास, आणि गॅरी बेकर यांनी १९६० पासून कुटुंबाच्या निर्णयांस एकच सूत्र लावून पाहिले. माणसे आपल्यापुढील मर्यादांच्या आत निवड करतात. मर्यादा बदलली की निवड बदलते. आणि अनेकांच्या निवडींचा एकत्रित परिणाम कोणाच्याही मनात नसलेला असू शकतो, हे ते सूत्र होय.

या सूत्राचे सामर्थ्य किती व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्यासाठी वऱ्हाडसारखा प्रदेश दुसरा क्वचितच आढळेल. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जुन्या वऱ्हाडचे चार जिल्हे; १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाला. या भूमीत एकाच पिकाभोवती, म्हणजे कापसाभोवती, राज्याचे नियम, प्रयोगशाळेतील बियाणे आणि घरातील श्रम असे गुंतलेले आहेत की एकाचा विचार दुसऱ्यावाचून पुरा होत नाही. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रतिमानांची मांडणी कापसाच्या उदाहरणावरून केली आहे.

१. बाजाराचा नियम

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. त्यानंतर येथील कापूस थेट जागतिक बाजाराशी जोडला गेला. नियंत्रित कापूस-बाजाराचा भारतातील पहिला प्रयोग १८८६ मध्ये याच प्रदेशातील कारंजा येथे झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य-बाजाराचा स्वतंत्र कायदा अस्तित्वात आला. वजनमापे, दलाली व बाजाराची जागा यांना नियम लागले; मात्र बाजार-समित्यांवर प्राबल्य व्यापारीवर्गाचे राहिले. पिकविणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेला नियम चालविण्याचे काम खरेदी करणाऱ्याकडे गेले.

असे का व्हावे, याचे उत्तर मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५ च्या ग्रंथात सापडते. संख्येने थोड्या असलेल्या गटातील प्रत्येकाचा लाभ मोठा असतो व संघटित होण्याचा खर्च कमी असतो. संख्येने मोठ्या व विखुरलेल्या गटात प्रत्येकाला वाटते की, आपण वर्गणी दिली नाही तरी लाभ मिळेलच; परिणामी वर्गणी कोणीच देत नाही. अडत्ये, जिनिंगवाले व गिरणीमालक हे पहिल्या प्रकारचे गट. हजारो खेड्यांतील कास्तकार हा दुसऱ्या प्रकारचा.

परंतु ओल्सनचे प्रतिमान एकटे पुरत नाही. मतपेटीत संख्येला वजन असते आणि तेथे डाउन्सचे प्रतिमान लागू पडते. बहुसंख्य मतदारांना जे स्पष्ट दिसते ते पक्ष देऊ करतात. जे दिसत नाही त्याबाबत मतदार अज्ञानी राहणे पसंत करतो, कारण माहिती मिळविण्याचा खर्च एका मताच्या मोलापेक्षा अधिक असतो. कापसाच्या बाबतीत ही दोन्ही प्रतिमाने एकाच वेळी खरी ठरलेली दिसतात. हमीभाव हा आकडा प्रत्येक शेतकऱ्याला समजतो, म्हणून निवडणुकीत त्याची चर्चा होते. निर्यातबंदीमुळे भाव किती पडला, हे मात्र कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते. २०१० च्या एप्रिलमध्ये व पुन्हा २०१२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने कापसाची निर्यात रोखली, तेव्हा गिरण्यांना स्वस्त रुई मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. एकाच काळात दृश्य मदत शेतकऱ्याला व अदृश्य मदत गिरणीला, ही विसंगती वाटते. प्रतिमानाच्या दृष्टीने ती अपेक्षितच आहे.

२. एकाधिकार खरेदीचे गणित

महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील कापूस शासनाच्या वतीनेच खरेदी व्हावा, मध्यस्थ वगळले जावेत आणि शेतकऱ्याला हमीभाव मिळावा, हा तिचा हेतू होता. विक्रीत नफा झाल्यास त्यातील मोठा भाग शेतकऱ्यांना बोनस म्हणून द्यावयाचा व उरलेला भाग किंमत-चढउतार निधीत ठेवावयाचा, अशी रचना होती. चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षात उपयोगी पडेल, ही त्यामागील कल्पना.

ही कल्पना का फसली, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. हमीभाव १०० रुपये आहे आणि तीन वर्षांत बाहेरचा भाव अनुक्रमे १२०, १०० व ८० रुपये आहे, असे समजा. राज्याच्या सीमा पूर्णपणे बंद असतील व दरवर्षी १०० क्विंटल कापूस केंद्रावर येत असेल, तर पहिल्या वर्षी २,००० रुपये नफा, दुसऱ्या वर्षी शून्य व तिसऱ्या वर्षी २,००० रुपये तोटा होऊन हिशेब बरोबर जुळतो. पण वऱ्हाडची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे आणि यवतमाळच्या दक्षिणेस पूर्वीच्या आंध्र प्रदेशाची हद्द होती. भाव १२० असताना ६० क्विंटल कापूस रातोरात सीमेपलीकडे गेला, तर नफा ८०० रुपयांवर येतो. भाव ८० असताना बाहेरचा २० क्विंटल कापूस आत आला, तर तोटा २,४०० रुपये होतो. तीन वर्षांचा सरासरी भाव हमीभावाइतकाच असूनही योजनेला १,६०० रुपयांची खोट बसते.

शिवाय नफ्यात शेतकरी भागीदार असतो, तोट्यात मात्र योजना एकटी. सीमा बंद ठेवता आल्या असत्या तरीही बोनस दिल्यानंतर निधी पुरेसा भरला नसता. हा दोष व्यवस्थापनाचा नव्हे, रचनेचाच होता. यावरून योजना अनिष्ट होती असा निष्कर्ष निघत नाही. वस्तुतः ते शेतकऱ्याला दिलेले अनुदान होते व अनुदान देण्यास सबळ कारणे असू शकतात. आक्षेप एवढाच की, जे अनुदान होते ते विमा म्हणून मांडले गेले आणि त्यामुळे अर्थसंकल्पात त्याची तरतूद वेळेवर व उघडपणे झाली नाही. १९९० च्या दशकात हमीभावावर आगाऊ जादा रक्कम देण्याची प्रथा पडली तेव्हा ही तूट आणखी रुंदावली. अखेर २००२ मध्ये खाजगी खरेदीस मोकळीक देण्यात आली व एकाधिकार संपुष्टात आला.

यात एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. चुकारे मिळण्यास विलंब होऊ लागला की मोठा शेतकरी थांबू शकतो; लहान शेतकऱ्याला दिवाळीपूर्वी दुकानदाराची उधारी व सालदाराचे पैसे द्यावयाचे असतात, म्हणून तो कमी भावात पण रोखीने व्यापाऱ्याला कापूस देतो. नियम सर्वांना एकच असला तरी त्याचा लाभ घराच्या ऐपतीप्रमाणे वेगळा पडतो. सहकारी संस्थांबाबतही असाच अनुभव आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी व देवराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सभासदांत जमिनीची विषमता असेल तेथे मोठ्या बागायतदारांचा गट उसाचा भाव कमी ठेवून संस्थेत साचणाऱ्या निधीवर ताबा मिळवू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

३. संशोधनाचा प्रश्न

नेल्सन व अ‍ॅरो यांचा मुद्दा असा की, ज्ञान ही एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी न पडणारी वस्तू आहे. एकदा ते बाहेर पडले की शोधकाला त्याची किंमत वसूल करणे कठीण होते. म्हणून केवळ बाजारावर विसंबल्यास समाजाला हवे त्यापेक्षा कमी संशोधन होते. सुधारित सरळ वाण हे याचे नमुनेदार उदाहरण होय. शेतकरी एकदा बी विकत घेतो व पुढील वर्षी घरचीच सरकी पेरतो. असे वाण निर्माण करण्यात खाजगी कंपनीला स्वारस्य नसते.

यावर पहिला उपाय सार्वजनिक निधीचा. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठींवर उपकर बसवून संशोधनाचा खर्च भागविण्यात आला. ओल्सनच्या भाषेत सांगावयाचे तर, स्वेच्छेने जी वर्गणी कोणी दिली नसती ती कायद्याने गोळा करण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात हीच परंपरा १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या व डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने आणि १९७६ मध्ये नागपूर येथे सुरू झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पुढे चालविली.

दुसरा उपाय निसर्गातच होता. संकरित बियाण्याचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी घ्यावे लागते. जे काम एरवी पेटंट करते ते येथे वनस्पतीची जननप्रक्रियाच करते. कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकर ‘एच-४’ हा १९७० मध्ये सुरत येथील सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला. ज्या तंत्रावर पुढे खाजगी बियाणे-उद्योग उभा राहिला ते मुळात सार्वजनिक संशोधनाचे फळ होते, ही बाब विसरता येत नाही.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाच्या तीन वाणांना केंद्राची मान्यता मिळाली. तीनही संकरित होते. त्यानंतर एका दशकात देशातील बहुतेक कापूस-क्षेत्र बीटी संकरांखाली आले. चीनमध्ये मात्र जवळजवळ लावता येणारे सरळ वाणही बीटी गुणाने युक्त करण्यात आले. भारतात तसे का झाले नाही, याचे प्रमुख कारण किंमत-वसुलीच्या सोयीत आहे. संकरित बी महाग पडते, म्हणून ते विरळ लावावे लागते. विरळ झाड दीर्घकाळ बोंडे धरते. आणि दीर्घ मुदतीच्या पिकावर, विशेषतः पाणी देऊन लांबविलेल्या फरदडीवर, गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. मालकी-हक्काच्या अर्थशास्त्रीय प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने शेतातील किडीच्या जीवनक्रमापर्यंत पोहोचते.

सार्वजनिक पर्यायाचा एक प्रयत्न झाला होता. बिकानेरी नरमा या सरळ वाणाचे बीटी रूप सार्वजनिक संस्थांनी तयार केले, २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली व २००९ च्या हंगामात ते विक्रीसही आले. परंतु त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा अंश असल्याचे दिसून आल्याने ते मागे घ्यावे लागले. २०१२ मध्ये चौकशी समितीचा अहवालही आला. घरचे बी राखण्याची संधी त्याबरोबर दीर्घकाळ लांबणीवर पडली.

बोंडअळीची प्रतिकारशक्ती हा सामूहिक संपत्तीच्या नाशाचा प्रकार आहे. बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बी दिले जाई. ते शेताभोवती आश्रय-ओळी म्हणून लावावे, म्हणजे प्रतिकारक्षम अळ्यांचा संकर साध्या अळ्यांशी होऊन प्रतिकार मंदावतो, अशी योजना होती. पण आपल्या जमिनीचा तुकडा अळीसाठी सोडण्याचा तोटा एकट्याचा व लाभ सर्व शिवाराचा. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ते बी लावले नाही, यात अज्ञानापेक्षा हिशेबाचा भाग मोठा होता. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. संशोधन-धोरणातील चुकीची किंमत अखेर पाठीवर पंप घेतलेल्या माणसाने दिली, असे म्हणणे अवास्तव होणार नाही.

बियाण्याच्या किमतीवरील नियंत्रण हाही याच प्रतिमानाचा भाग होय. २०१६ मध्ये केंद्र शासनाने बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये व त्यातील तंत्रज्ञान-शुल्क ४९ रुपये ठरविले. २०२० पासून हे शुल्क शून्य करण्यात आले. आजच्या शेतकऱ्याला याने दिलासा मिळतो. उद्याच्या तंत्रज्ञानात गुंतवणूक करण्याची खाजगी प्रेरणा मात्र कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. शुल्क शून्य करणाऱ्या शासनाने सार्वजनिक संशोधनाचा खर्च त्याच प्रमाणात वाढविला तरच हे धोरण सुसंगत ठरते.

४. घरातील निर्णय

बेकर यांच्या १९८१ च्या ग्रंथात कुटुंब हे एकाच मनाने निर्णय घेणारे एकक मानले आहे. या दृष्टिकोनाची कसोटी ज्या गावांत लागली त्यांपैकी दोन गावे अकोला जिल्ह्यातील आहेत, हे येथील अभ्यासकांना विशेष वाटावे. हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांची पाहणी सुरू केली. त्यांत कानझरा व किनखेडा ही गावे होती. प्रत्येक गावातील ४० कुटुंबे निवडण्यात आली: ३० शेतकरी व १० भूमिहीन मजूर. या कुटुंबांच्या मिळकतीच्या व खर्चाच्या नोंदींवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी आपले सिद्धान्त तपासले.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये कानझऱ्यासह तीन गावांच्या आधारे असे दाखविले की, कुटुंबाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या मिळकतीपेक्षा सर्व गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक चालतो. अर्थात उसनवार, देणेघेणे व नातेसंबंध यांनी गाव काही प्रमाणात विम्याचे काम करते. मार्टिन रॅव्हॅलियन व शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये या निष्कर्षाच्या मोजमापाबद्दल शंका उपस्थित केली. मार्क रोझेनझ्वाइग व ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये याच पाहणीवरून मुलींच्या विवाहांचा विचार केला. ज्या घराचे शेतीचे उत्पन्न अधिक अस्थिर, त्याच्या सोयरिकी अधिक दूरच्या गावांशी, असे त्यांस आढळले. दूरच्या गावी पाऊस वेगळा पडतो. म्हणून व्याही संकटात मदत करू शकतात. याच नोंदींवरून हनान जॅकोबी व इमॅन्युएल स्कूफियास यांनी १९९७ मध्ये दाखविले की, उत्पन्न घटले की मुले शाळेतून काढली जातात. विम्याचा हप्ता येथे मुलाच्या शिक्षणातून भरला जातो.

परंतु कुटुंब खरोखरच एका मनाचे असते काय? मर्लिन मॅन्सर व मरे ब्राउन (१९८०), तसेच मार्जोरी मॅकेलरॉय व मेरी जीन हॉर्नी (१९८१) यांनी कुटुंबास वाटाघाटीचे क्षेत्र मानले. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये ते सहकार्य व संघर्ष यांचे मिश्रण असल्याचे मांडले. या मतानुसार घरातील प्रत्येकाचे वजन हे, बोलणी फिसकटल्यास त्याच्या हाती काय उरते, यावर अवलंबून असते. वऱ्हाडात कापसाची वेचणी व निंदणी बहुतांशी स्त्रिया करतात. सातबाऱ्यावर नाव मात्र सामान्यतः पुरुषाचे असते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालविलेल्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह होता, तो या दृष्टीने केवळ भावनिक नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हिस्सा दिला. केंद्राने तसेच २००५ मध्ये केले. क्लाउस डायनिंगर, अपराजिता गोयल व हरी नागराजन यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार महाराष्ट्र व कर्नाटकातील या दुरुस्तीने मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, त्यांच्या शिक्षणातही वाढ झाली; पण विषमता संपली नाही.

बियाण्याचा व घराचा संबंध कानझऱ्यातच पुन्हा उघड झाला. अर्जुनन सुब्रमणियन व मॅटिन काइम यांनी २००९ मध्ये त्या गावाच्या संपूर्ण अर्थव्यवहाराचा हिशेब मांडला. बीटी कापसाने उत्पादन वाढले, म्हणून वेचणीची मजुरी वाढली आणि तिचा मोठा वाटा मजूर स्त्रियांना मिळाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट २०१९ च्या १० जून रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बी जाहीरपणे पेरले. निंदणीचा वाढता खर्च हे त्यामागील एक कारण होते. शेतमालकाच्या दृष्टीने जो खर्च वाचतो तोच मजूर स्त्रीची आषाढ-श्रावणातील मिळकत असतो. एका घराचा लाभ व दुसऱ्या घराची हानी यांचा मेळ बेकरच्या कुटुंबात बसत नाही. त्यासाठी सर्व गाव दृष्टीसमोर ठेवावे लागते.

५. तिन्हींचा सांधा

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. तिन्ही प्रतिमानांत एकाचे उत्तर ते दुसऱ्याची मर्यादा असते. शासनाच्या भावधोरणाने कोरडवाहू शेतकऱ्याचे कापसावरील अवलंबन टिकविले. संशोधनाच्या मालकीच्या प्रश्नाने बियाण्याचे स्वरूप ठरविले. आणि बियाण्याने घरातील व शिवारातील श्रमाची वाटणी बदलली. कर्ज घराच्या कर्त्याच्या नावे, कीड सर्वांच्या शेतात आणि भाव दिल्लीत वा परदेशात ठरणारा, अशा परिस्थितीत एका व्यक्तीच्या ‘निर्णया’चा स्वतंत्र विचार करणे अपुरे ठरते. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी जाहीर केलेले ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य हे शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर होते; परंतु केवळ निधीने रचना बदलत नाही.

प्रतिमानांची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. पर्यायच एक असेल तर ‘निवड’ हा शब्द रिता होतो. ज्या शेतकऱ्याला बाजारात संकरित बीच मिळते त्याने ते निवडले असे म्हणणे व्याकरणदृष्ट्या बरोबर असले तरी अर्थशास्त्रदृष्ट्या निरर्थक आहे. अशा ठिकाणी अभ्यासकाने निवडीपेक्षा पर्यायांची यादी कोणी केली, हे विचारावे.

पुढील संशोधनासाठी वऱ्हाडात सामग्री विपुल आहे. अकोला परिसरात सघन लागवडीचे जे प्रयोग होत आहेत, त्यांत कमी मुदतीचे वाण आल्यास वेचणीचा काळ किती आखडतो व मजूर स्त्रियांच्या मिळकतीचे काय होते, हे तपासता येईल. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात कापूस-उत्पादकतेसाठी पाच वर्षांची मोहीम घोषित केली आहे. तिच्या निधीतून सरळ वाणांस किती वाटा मिळतो, हे पाहता येईल. सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव असलेल्या घरांत पीक-निवड वेगळी असते काय, हाही प्रश्न मोकळा आहे. कानझरा व किनखेडा येथील पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदींच्या आधारे परदेशांतील विद्यापीठांत नामांकित प्रबंध लिहिले गेले. त्याच खेड्यांची भाषा जाणणाऱ्या येथील विद्यार्थ्यांनी हे काम पुढे न्यावे, ही अपेक्षा रास्त होय.